खोकला काढलेलं गाणं

आमची डिस्क कधीच उडाली नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीही नाही.

तेव्हा आम्ही दोघं मित्र मिळून सोलापुरातल्या मंडळांना मिरवणुकीची गाणी कॉम्प्युटरवर बनवून द्यायचो. शेवटचं गाणं मात्र मिरवणुकीचं नव्हतं. त्याचे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. त्यांच्या मागाचा खटखटाट त्याने रेकॉर्ड केला आणि त्याच ठेक्यावर अख्खं गाणं उभं केलं. ऐकलं तेव्हाच कळलं, यात माझं काही नाही. हा आता एकटा पुढं जाणार. मी डिस्क उडाली, गाणं गेलं म्हणून सांगितलं. तो हळूहळू यायचा बंद झाला, मग भिवंडीला गेला.

पुढं त्याचे वडील वारले, माग भंगारात गेला. मी दहाव्याला जाऊन आलो. काही वाटलं नाही.

यंदा ते गाणं मी दोघांच्या नावाने यूट्यूबवर टाकलं. का, ते नीट सांगता येत नाही. व्हिडिओवरचं चित्र फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं. त्याने आमचा जुना फोटो काळापांढरा केला. चौकातल्या फ्लेक्सवर काळापांढरा फोटो कुणाचा लागतो, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना माझ्या. खाली लोक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहू लागले. मी रोज चौकात दिसतो, त्यामुळं मेलेला तोच ठरला. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. गाणं चाललं होतं.

एका दुपारी त्याचा फोन आला.

“का बे, कधी मेलो मी? कळवायचं तरी की!”

तो हसत होता. मला हसू आलं नाही.

“पण डिस्क तर उडाली होती की?”

“रिकव्हर झाली.”

“लई बरं झालं बे.” मग म्हणाला, “शेवटी माग बंद करताना बाप खोकतो बघ. ते कुठं ऐकू येईना.”

आवाज साफ करताना तो खोकला मीच कापला होता.

“तेवढं नसेल आलं,” मी म्हणालो.

“जाऊ दे. बाकीचं तरी आलं की.”

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, खोकल्यासकट. ते त्याला द्यायचं आहे, आणि देताना डिस्क उडाली नव्हती हेही सांगायचं आहे. दोन्ही अजून राहिलंय.