लाल दोऱ्याचं नाव

गजू जाऊन महिना झाला. काल अमरावतीच्या माझ्या दवाखान्यात टिंक्चरची बाटली फुटली आणि त्या वासाने मला थेट अकोल्यात, आमच्या इंटर्नशिपच्या एका दुपारी नेऊन आपटलं.

आम्ही इंटर्न एकमेकांना जेवायला सोडायचो. थांबणाऱ्याने खुंटीवरचा हाती लागेल तो ॲप्रन चढवायचा. माझ्याबरोबर इंटर्न असलेल्या, वलगावच्या भाजीवाल्यांच्या गजूने त्या दुपारी माझा चढवला. त्या ॲप्रनच्या खिशावर माझ्या आईने लाल दोऱ्याने माझं नाव काढलेलं होतं.

मी परतलो तोवर माझा पेशंट दगावला होता. "काही होत नाही, घाबरू नका," असं सकाळी घरच्यांना मीच सांगितलं होतं. गावाहून धावत आलेल्या नातेवाइकांना माझा चेहरा ठाऊक नव्हता, फक्त नाव ठाऊक होतं. ते वाचून त्यांनी गजूला फरशीवर पाडलं, लाथांनी तुडवलं. सलाईनचा लोखंडी स्टँड त्याच्या बरगड्यांवर बसला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कारण मी तिथेच पडद्याआड उभा होतो, भेकडासारखा.

नंतर त्याच्या फाटलेल्या ओठाला टाके मीच घातले.

"तो मी नाही, असं सांगितलं काहून नाही बे?"

"मंग त्यायनं तुले शोधलं असतं. मले मार खाता येते, तुले नाही येत."

"मी कँटीनमध्ये होतो, नाहीतर धावलोच असतो," मी म्हणालो.

गजू रक्ताळल्या ओठांनी हसला.

"पडद्याखालून तुह्या चपला दिसून राहिल्या होत्या. टाका नीट घाल."