धाबं कोणी नीट केलं?

माझ्या आईने बायबलला आयुष्यभर एकच प्रश्न विचारला. बाकी सगळं तिने विनातक्रार मान्य केलं. समुद्र दुभंगला, मान्य. मेलेला उठून बसला, मान्य. पण कफर्णहूमच्या त्या घरापाशी आली की बाई अडून बसायची.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगते. येशू एका घरात बोलत बसलेला असतो. गर्दी एवढी, की दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका लुळ्या पडलेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येईना, तेव्हा सरळ घरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज वरून आत सोडतात. येशू त्याच्या पापांची क्षमा करतो, तो माणूस बरा होतो, बाज उचलतो आणि चालत घरी जातो. इथे सगळे म्हणतात आमेन, आणि आई म्हणते, "धाबं मंग नीट कोनी करं?"

आईचं माहेर धरणगावजवळचं खेडं. घराला कौलं नाहीत की पत्रे नाहीत, धाबं. लाकडी कड्या, त्यांवर काड्या नि पाला, आणि वर मातीचा जाड सपाट थर. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर खारी टाकायची, म्हणजे एक पांढरट माती असते ती, पाणी मारून चोपायची. एक वर्ष चुकलं की घर गळलंच म्हणून समजा. त्यामुळे गोष्ट ऐकताना बाकीच्यांना बाजेवरचा माणूस दिसायचा आणि आईला वरचं भगदाड.

आम्ही वाढलो धुळ्यात, देवपुरात. बुधवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थनासभा असायची. सतरंज्या, पेटी, ढोलकी, शेवटी चहा आणि शेव-मुरमुरे. माझं अर्धं लक्ष वचनात आणि अर्धं मुरमुऱ्यांत. वडील शाळामास्तर, वचन तेच समजावून सांगायचे. त्यांच्या बायबलच्या शेवटी घडीवर फाटलेला एक नकाशा होता, आणि त्या काळचं आमचं संशोधन म्हणजे तेवढंच. वडील त्यावर बोट ठेवून यार्देन नदी दाखवायचे आणि म्हणायचे, "ही समजा आपली पांझरा." यरीहोचा डोंगराळ रस्ता समजा सोनगीरचा. मला तर कित्येक वर्षं वाटायचं की शिरपूरच्या एसटीत बसलं, सोनगीरचा किल्ला मागे पडला, की पुढे कुठेतरी कफर्णहूमचा फाटा लागतो. ते जग गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. फाट्यावर उतरायचं राहूनच गेलं.

अशाच एका सभेत, आमच्याच घरी, आईने चहाची किटली हातात धरून पाहुण्या पाळकसाहेबांना तो प्रश्न विचारला. सगळे हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही मार्थेच्या पंथातल्या. येशू घरी आला तरी तिचं लक्ष घरकामातच." वडील म्हणाले, "अगं, चहा ओत." आईने चहा ओतला. पण पुढच्या वर्षी दुसरे पाळकसाहेब आले, त्यांनाही तिने तेच विचारलं. हट्टीपणात तिचा हात कोणी धरावा?

वडील गेले. मी लग्न होऊन जळगावला आले, शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले. हातात मुलाने दिलेला टॅब आला आणि माझं दुसरं शिक्षण सुरू झालं. काय नाही त्यात! एकच वचन वीस भाषांतरांत शेजारी शेजारी लावून बघा. जुन्या गावाच्या नावावर बोट ठेवलं की आजचं गाव वरून दिसतं, झाडांसकट. उत्खननाचे फोटो, नाण्यांचे फोटो, प्राध्यापकांची तास-तासभराची व्याख्यानं, तीही फुकट. वडिलांना हे मिळायला हवं होतं. मी बघते आणि मध्येच बाजूला वळून सांगावंसं वाटतं, की हे बघा, यार्देन खरंच पांझरेएवढीच आहे हो काही ठिकाणी. सांगायला बाजूला कोणी नसतं.

गेल्या वर्षी भावाचा देवपुरातून फोन आला. आईचं विसरणं वाढलं होतं. सुनेला ती शेजारीण समजते, मला कधी मावशी म्हणते. "पण तिचं ते धाबं आहे तसंच आहे," भाऊ म्हणाला. "रोज विचारते."

मला एकदम भीतीच वाटली. माणसं विसरली, आता प्रश्नही विसरेल, आणि उत्तर न मिळता जाईल. मी ठरवलं, तो प्रश्न जाण्याआधी उत्तर शोधायचं. एवढं जग टॅबमध्ये भरलंय, एका छपराचं उत्तर नसेल?

नव्हतं. त्या काळची घरं कशी होती ते मिळालं. काळ्या दगडाच्या भिंती, लाकडी कड्या, काड्या, वर चोपलेली माती. छप्पर उभं कापून दाखवलेला छेद मी चित्रात बघितला आणि खुर्चीतून उठून उभीच राहिले. धाबंच की! घर कोणाचं असावं यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. ते नीट कोणी केलं यावर ओळ नाही. एका चर्चेच्या संकेतस्थळावर मी इंग्रजीत प्रश्न टाकला. कोणा एकाने कळवलं की पापक्षमेकडे लक्ष द्या, छपराकडे नको. म्हटलं, बाबा रे, तुझ्या घराला स्लॅब असेल. वर, एवढं छप्पर-छप्पर शोधल्यावर टॅब मला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या जाहिराती दाखवायला लागला. तेवढाच काय तो माझ्या संशोधनाचा लाभ.

शेवटी टॅब पिशवीत टाकून धुळ्याची बस पकडली. आई दुपारची पलंगावर बसली होती. मी तिच्या शेजारी बसून फोटो दाखवायला लागले. छपराचा छेद तिने निरखून बघितला. पुढच्या फोटोत एक दगडी रूळ होता, लहान आडव्या खांबासारखा.

"हाई काय शे?"

"पाऊस पडून गेला की हा छतावर फिरवायचे. माती बसावी म्हणून."

"आम्ही पायखाल तुडाऊत," आई म्हणाली, आणि मग बोलायलाच लागली. जे मी जन्मात ऐकलं नव्हतं ते.

तिचा बाप आजारी पडला तेव्हा ती लहान होती. गल्लीतल्या चौघांनी त्याला बाजेवर घालून धरणगावला नेलं. ती बांधापर्यंत मागे पळत गेली. संध्याकाळी चौघे परत आले ते रिकामी बाज घेऊन. बाप तिकडेच दवाखान्यात वारला. त्या उन्हाळ्यात धाब्यावर खारी टाकायला कोणी नव्हतं. पावसाळ्यात कोपरा बसला, आणि मायलेकी मामाकडे राहायला गेल्या त्या कायमच्या.

 एवढी वर्षं आम्ही हसत होतो, आणि ही चहा ओतत होती.

"आई," मी म्हटलं, "मी खूप शोधलं गं. कोणीच लिहून ठेवलं नाही."

तिला त्याचं काही वाटलं नाही. ती त्या रुळाकडे बघत होती. "तो मानूस चालत घर गया ना?"

"गेला."

"मंग दुसरा रोज उना व्हई. पाय उनात ते मानूस पहिले धाबावर चढस." दुसऱ्या दिवशी आला असेल; पाय आले की माणूस आधी धाब्यावर चढतो. मग म्हणाली, "मना बाप बी चढता." तिचा बापही चढला असता.

मी तिचा हात धरून बसून राहिले. रडू आलं, येऊ दिलं. वहिनीने चहा आणला तो तसाच निवला.

त्यानंतर महिन्याभराने पुन्हा गेले. आई मला मावशी समजून गावाकडच्या चौकशा करत होती. मी दुपारभर वाट बघितली, तिने प्रश्न काही विचारला नाही. भाऊ म्हणाला, हल्ली विचारतच नाही. म्हणजे तोही गेला, असं मनात आलं. निघायच्या आधी राहवलं नाही, मीच विचारलं.

"आई, ते धाबं मग नीट कोणी केलं गं?"

एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

"मना बापनी," ती म्हणाली.