साडेसात एचपीचा प्रोसेसर

आमच्याकडे शेजाऱ्याने पाच एचपीची मोटार बसवली की आपण साडेसातची बसवायची, असा रिवाज आहे. विहिरीत पाणी किती, हे नंतर बघायचं. मी शिकलेली, पुण्यात नोकरी केलेली बाई. प्रोसेसर घेताना मीही तेच केलं.

आई गेल्यावर बाबा कळमनुरीजवळच्या आमच्या गावात एकटे पडले, म्हणून मी परत आले. काम पुण्यातल्या ऑफिसचंच होतं: बिल्डरांच्या अजून पायाही न खोदलेल्या इमारतींची कॉम्प्युटरवर झकास चित्रं करायची, दारात कारंजं, गच्चीवर बाग. साहेबांनी एक महिन्याची मुदत दिली. घरून चित्रं वेळेवर आली तर तिकडेच राहा, नाहीतर मुकाट्याने परत या. म्हणून मी हिंगोलीच्या दुकानात जाऊन सगळ्यात दांडगा प्रोसेसर मागितला. तो वीज किती खातो, हे दुकानदार सांगायला लागला तेव्हा मी त्याला मधेच तोडलं.

बाबांनी उभा जन्म लोकांच्या जळालेल्या मोटारी तांब्याची नवी तार गुंडाळून भरून दिल्या. नवा कॉम्प्युटर पाहून त्यांनी एकच विचारलं, "कितीची हाय?"

"बाबा, ही मोटार न्हाई."

"लाइनीवर चालती ना? मंग मोटारच."

मी हसले. मोटारी भरणाऱ्या माणसाला प्रोसेसरमधलं काय डोंबल कळतंय, असं स्पष्ट मनात आलं. तोंडावर बोलले नाही, एवढेच माझे संस्कार.

उन्हाळा लागला आणि लाइनीने रंग दाखवले. दिवसातून चार-चार वेळा जायची. एक चित्र पक्कं व्हायला दोन तास, आणि माझ्या पैलवानापुढे आमचा जुना इन्व्हर्टर अर्ध्या तासात मान टाकायचा. झालेलं काम मातीत, पुन्हा पहिल्यापासून. दोन चित्रं उशिरा गेली. "तिकडून जमत नाहीये, मॅडम," साहेबांचा फोन आला. मी बाबांना काही बोलले नाही, पण घराच्या भिंती पातळ आहेत.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. इन्व्हर्टर जरा जास्त टिकायला लागला. बॅटरी रुळली असणार, असं शास्त्रीय निदान करून मी खूश झाले.

एका दुपारी लाइन गेलेली असताना मी चहा विचारायला बाबांच्या खोलीत गेले. पंखा बंद. बाबा ओल्याचिंब बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते.

"पंखा काहून बंद केला?"

"थंडी वाजून राहिली."

एप्रिल होता. पंखाही त्याच इन्व्हर्टरवर चालायचा; माझं चित्र व्हावं म्हणून रोज हाच कार्यक्रम चालला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडू आलं, आणि ते लपवायला मी त्यांच्यावरच खेकसले.

त्यांनी शांतपणे खुंटीवरचा टाँग टेस्टर काढला. तारेभोवती चिमटा धरला की किती करंट चाललाय ते हे यंत्र दाखवतं. लाइन आल्यावर बाबांनी तो माझ्या कॉम्प्युटरच्या प्लगकडे जाणाऱ्या एका सुट्या तारेला लावला आणि मला चित्र चालू करायला सांगितलं. आकडा धावत सुटला.

"निसती ताकद काय बघायची, बाई? भरल्या कामात किती ओढती, ते बघायचं. आपल्या लाइनीला झेपंल तीच मोटार चांगली."

दुकानदार हेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी पैलवान परत देऊन त्याच मदरबोर्डावर बसणारा, कमी वीज खाणारा प्रोसेसर आणला. चित्राला अर्धा तास जास्त लागायचा. पण शेवटच्या आठवड्यात तासभर लाइन नव्हती तेव्हाही काम चालू राहिलं आणि सगळी चित्रं वेळेवर गेली. साहेबांनी फोनवर नाइलाजाने "ठीक आहे" म्हटलं.

बाबा दारात उभे होते.

"म्हंजे, जायचं न्हाई?"

"न्हाई."

ते खोलीत गेले. लाइन तेव्हाही नव्हती. त्यांनी पंखा पाचवर केला आणि पाय पसरून झोपले.