सैन्यातली दहा वर्षं मी खोडणार नाही

आज टोकियोतल्या तोयोसू भागात एका आयटी कंपनीत इंटरव्ह्यू दिला.

नवऱ्याचे सीनियर, जोशी काका, काल म्हणाले होते, "बायोडेटात सैन्य नको. त्या दहा वर्षांना करिअर ब्रेक म्हण."

मी त्या दहा वर्षांना दहा ओळी दिल्या.

आत गेल्यावर मुलाखत घेणारे मोरी-सान जपानी रीतीनं अभिवादनाला वाकले आणि माझा हात सवयीनं सॅल्यूटला वर गेला. लाज वाटली, पण पाठ ताठच ठेवली.

"सैन्यात नेमकं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"बर्फात तुटलेल्या केबल जोडून चौक्यांचा संपर्क चालू ठेवला."

त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.

नोकरी मिळो न मिळो, पुढच्या अर्जातही त्या दहा ओळी असतील. सेवा संपवून नोकरी शोधणाऱ्यांनो, तुम्हालाही कुणी खोडायला सांगितलंय का?

काका, ब्रेक आत्ता चालू आहे. तेव्हा मी ड्यूटीवर होते.