आत्याच्या मांडीतली फॅक्टरी

गडबपासून थेट रोह्यापर्यंत म्हातारपणाला तोंडावर ‘नाय’ म्हणणारी एकच बाई आहे, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. तिचा उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरात पाट्या वाहण्यात गेला. कोणी तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झालं तरी तिला तो अपमान वाटतो. त्र्याहत्तराव्या वर्षी ती अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनने हाड जुळलं, पण तीन महिने खाटेवर पडून मांडीची पार काठी झाली. आता वॉकर सुटणार नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रोह्याला कंपनीत असलेल्या तिच्या मुलाने तर गडबचं घर बंद करून तिला आपल्या फ्लॅटवर न्यायचं पक्कं केलं.

मी गडबजवळच, पेणला रामवाडीत राहतो, म्हणून तिला फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी समजावलं, की स्नायूला ताण दिला की त्याला बारीकशी इजा होते. मग शरीरातली ‘ग्रोथ फॅक्टर’ नावाची द्रव्यं झोपलेल्या पेशींना उठवतात आणि स्नायू दुरुस्त होऊन आधीपेक्षा बळकट होतो. वयाबरोबर हे काम मंदावतं, बंद पडत नाही. आत्याने त्यातलं ‘बंद पडत नाही’ एवढंच ऐकलं. घरी येताच तिने मुलाला फोन लावला. “तुजी फॅक्टरी रोह्याला, माजी मांडीत. आन माजी चालू हाय.”

तेव्हापासून आत्या एका जागी बसेनाशी झाली. मालिकेत जाहिराती लागल्या की खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं. सुनेचा फोन आला तर त्याहून जास्त. तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून ते पडवीभर हिंडवायचे. बाईंनी प्रथिनं खा म्हटल्यापासून सुकट आणि वाल औषधासारखे वेळा पाळून पोटात जाऊ लागले. मांडी दुखली की स्वारी खूश. एकदा अति झालं आणि गुडघा टम्म सुजला, तेव्हा बाई रागावल्या: दुरुस्ती विश्रांतीत होते, एक दिवसाआड गप्प बसायचं. हा एकच व्यायाम आत्याला अजून जमलेला नाही.

व्यायामाच्या चौथ्या महिन्यात मुलगा सामान न्यायला टेम्पो घेऊन दारात आला. आत्या त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि हात न टेकता उठायला गेली. पहिल्यांदा मागे कोलमडली. मी पुढे झालो तर तिने डोळे वटारले. दुसऱ्यांदा थरथरत, घामाघूम होत ती उभी राहिली.

“म्हातारी झालंय, ता मला ठाव हाय,” ती मुलाला म्हणाली. “पन मांडी ऐकते तवर मी माज्या घरान.”

मुलाने तिच्या पायांकडे पाहिलं. मग टेम्पोवाल्याला परत पाठवून तो आईच्या हातचं जेवून गेला.

याला दोन वर्षं झाली. परवा आम्ही दोघं खाडीच्या बांधावर गेलो होतो. आत्या हट्टाने माझ्या पुढे चालत होती. मध्येच थांबली आणि पाण्यातले बगळे बघू लागली. तिच्या पाठीवरून दिसत होतं की तिला दम लागलाय. मीही शेजारी उभा राहून, तिचा श्वास सावकाश होईपर्यंत, बगळे बघत राहिलो.