तिसऱ्या बीमवरचं खडूचं वर्तुळ

मिस्त्रींवर अन्याय झाला तो पोळ्याच्या करीला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, आमच्या गावच्या शाळेत. करणाऱ्यांत पहिला मी होतो, हे आधीच लिहून टाकतो.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचे, चष्म्यावर कायम सिमेंटची पूड, खिशात कुलपाची जाड जुनी किल्ली. बोलता बोलता हात वर करायचे, "थांब, आइकू दे" म्हणायचे आणि समोर असेल ते किल्लीनं ठोकायचे. टपरीवर चहाचा कपसुद्धा. टपरीवाला ओरडायचा, "घ्या, आले इंजिनेर माह्या कपाले तपासाले!" मिस्त्री गंभीरपणे सांगायचे, "याले बारीक तडा हाय. दुसरा दे."

शाळेच्या बीमना चिरा पडल्या होत्या. त्यांना कार्बन फायबर लावून मजबूत करायचं ठरलं. पुण्याकडे पुलांवर हे काम शिकून आलेले मिस्त्री इकडे एकटेच. मी खिडकीतून पाहिलं, तर बीमचं पोट घासून, त्यावर चिकट रसायन फासून ते काळं कापड लावत होते. कापड! पोरांच्या डोक्यावरच्या छताला!

"काका, हे कापड छत उचलणार?"

"उचलत नाही, भाऊ. बीम वाकाले लागला का त्याचं पोट ताणते. तो ताण हे धरते."

"म्हणजे कापड लोखंडाचं काम करते?"

"चिकटलं त करते. नाही चिकटलं, त कापडच हाय."

मला काही कळलं नाही. न कळलेल्या गोष्टीवर मी पत्रक काढलं: 'चिंधीवर शाळा! मिस्त्रीला हटवा!'

करीच्या सकाळी ते वाटत शाळेत गेलो, तर मिस्त्रीच शाळेच्या कामाच्या ठेकेदाराशी भांडत होते. लाकडी घोडीवर उभं राहून किल्लीनं तिसरा बीम ठोकत होते. इकडे टण्, तिकडे भद्द. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात ना, तसा फरक मलाही ऐकू आला. तेवढ्या जागी आत हवा राहिली होती, कापड चिकटलंच नव्हतं.

"माह्याच हातची चूक हाय," मिस्त्री म्हणाले. "कापून काढतो, परत लावतो. दोन दिस द्या." आणि त्यांनी तिथं खडूनं वर्तुळ काढलं.

ठेकेदारानं माझ्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, हसला. "गावाचीच मागणी हाय. उतरा खाली, मिस्त्री."

ते उतरले. माझ्याकडे रागानं बघतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "तू आइकलं ना, भाऊ? मंग ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी वर्तुळावर प्लास्टर चढलं, मग रंग. मिस्त्री पुण्याकडे परत गेले. लोक म्हणाले, तू जिंकला. काय जिंकलो? ठेकेदाराला लबाड म्हणावं, तर मिस्त्रींना हटवा असं मीच छापलं होतं. मिस्त्रींची चूक म्हणावी, तर ती दाखवणारे तेच एकटे. माझं डोकं चालत नाही.

टपरीवर ते माझ्यासाठी किल्ली ठेवून गेले. मी बाकावर चढून बीम ठोकतो. प्लास्टरवरून कधी टण् वाटतं, कधी भद्द. माझा कान त्यांचा नाही.

त्या वर्गात तुमची पोरं बसतात, म्हणून हे दुसरं पत्रक. उद्या शाळेत या. दारापासून तिसरा बीम, खिडकीकडची बाजू. त्याखालचे बाक आधी हलवा, प्लास्टर फोडायला लावा, आणि ज्यांनी स्वतःची चूक दाखवली त्या मिस्त्रींना परत बोलवा.