आईनं पुजलेली बंदूक पुलापलीकडे

अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या अपार्टमेंटखाली डेलचा ट्रक थांबला, तेव्हा पाहुणी आलेली माझी आई स्वयंपाकघरातल्या देवांपुढे बसली होती. डेल आमच्या ऑफिसातला सीनियर इंजिनियर. त्याचे वडील त्याच वर्षी गेले होते. त्यांची बंदूक घेऊन, ते दर ऑक्टोबरात जायचे कॅनडातल्या त्याच दलदलीत रानहंसांच्या शिकारीला तो निघाला होता. एकट्याला जाववत नाही म्हणून मला बरोबर नेत होता. मी आयुष्यात मारलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे झुरळ. पण तालुक्याच्या कॉलेजातून इथवर पोचलेल्या माणसाला सीनियरला नाही म्हणता येत नाही.

कॉफीला वर येताना बंदूक ट्रकमध्ये नको, म्हणून तो पेटी घेऊनच आला.

"काय रे त्यात?" आईनं विचारलं.

"बंदूक."

"आज खंडेनवमी. हत्यार दारात आलंय आणि तसंच पाठवतोस?"

तिनं तेलात कुंकू कालवलं. हळद, अक्षता, झेंडू नाही म्हणून शेवंती. डेलनं टोपी काढून हात जोडले. आईनं त्याच्या तळहातावर साखर ठेवली आणि आम्हांला दशम्या बांधून दिल्या.

पोर्ट ह्यूरनला, कॅनडात जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे आम्ही अमेरिकन कस्टम्समध्ये थांबलो. बंदुकीचा नंबर आधी इथं नोंदवला, की परत आणताना ती आपलीच हे सिद्ध होतं. अधिकाऱ्यानं पेटी उघडली आणि हात मागे घेतला.

"हे रक्त आहे?"

"नाही सर, पूजा. आम्ही वर्षातून एकदा अवजारं पुजतो. कोयता, गाडी, कॉम्प्युटर..."

"कॉम्प्युटर?"

"खरंय," डेल मदतीला धावला. "ऑफिसात याच्या कीबोर्डमध्ये अजून तांदूळ आहेत."

या मदतीचा काही उपयोग झाला नाही. आईनं कुंकवाचा सर्वांत मोठा ठिपका नेमका नंबरावर लावला होता.

"नंबर वाचता आला नाही, तर बंदूक इथंच राहील," अधिकारी म्हणाला.

डेलचा चेहरा उतरला. वडिलांच्या हातांनी घासून घासून तो नंबर आधीच गुळगुळीत झाला होता, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं.

"पुसा," अधिकारी म्हणाला.

मी मनातल्या मनात आईची माफी मागून रुमालानं पुसलं. वरचं कुंकू गेलं. कोरलेल्या खाचांत बसलेलं राहिलं. झिजलेले आकडे लालभडक उठून आले. अधिकाऱ्यानं चष्मा लावला, एकेक आकडा मोठ्यानं वाचला, शिक्का मारला.

"तुमच्या आईला इथं नोकरी करायचीय का?"

पलीकडे कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी कागद पाहून सोडून दिलं.

दलदलीत डिकॉय (रानहंसांना फसवायला सोडलेले प्लास्टिकचे हंस) मांडून आम्ही गवतात दबून बसलो. पाणी माझ्या बुटात, वारा कानात. डेलनं शेंगदाण्याच्या चटणीशी तीन दशम्या खाल्ल्या. मग दोन बार काढले. एकही रानहंस पडला नाही. उलट एक जण आमच्या प्लास्टिकच्या हंसाशेजारी येऊन उतरला.

"मार की!" मी कुजबुजलो.

"बाबांनी बसलेल्यावर कधी गोळी झाडली नाही," डेल म्हणाला आणि बंदूक मांडीवर ठेवून बराच वेळ वडिलांबद्दल बोलत राहिला.

संध्याकाळी पुलावरून परत आलो. बंदुकीचा लाल नंबर अधिकाऱ्यानं एका नजरेत वाचला आणि तिला देशात घेतलं. माझा पासपोर्ट मात्र उलटसुलट पाहून मला आतल्या खोलीत बसवलं. कंपनी कोणती, पदवी कसली, शिकारीला का गेला होतात? शेवटच्या प्रश्नाला मी "सीनियरनं नेलं" असं सांगितलं.

बंदूक याच देशात जन्मलेली, मी नाही. तेव्हा तक्रार नाही. या देशानं मला पुष्कळ दिलं आहे. पण त्या खोलीतली भिंत बघताना पदवीचं कौतुक जरा कमी झालं. एवढ्यात शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी धप्पकन बसलं. बापाची बंदूक बाहेर ट्रकमध्ये कुलूपबंद टाकून डेल आत आला होता.

"तू जा," मी म्हटलं. "उशीर होईल."

"गप्प बस," तो म्हणाला आणि पाय लांब करून आरामात बसला.